पुठ्ठ्यावरचे डाग

पिकअपखाली पुठ्ठा घालायची सवय मला फार उशिरा लागली. त्याआधी दोन वर्षं मी तिच्याखाली भुसा टाकत होतो. सुतारकाम करणाऱ्याकडे भुशाला काय तोटा! रात्री गाडी लावली की घमेलंभर भुसा इंजिनाखाली पसरायचा, आठवड्याने काळा झालेला झाडून काढायचा, नवा टाकायचा. फरशी स्वच्छ राहायची, कुणाची तक्रार नसायची आणि मुख्य म्हणजे मला काही बघावं लागायचं नाही. भुसा तेल झकास पितो. पण किती प्यायला आणि कुठल्या जागी प्यायला, याचा हिशेब तो ठेवत नाही.

गाडी जुनी. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बॉनेटखाली लांबीत बसवलेलं, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांना. फळ्या, प्लायचे तक्ते, तयार झालेली कपाटं वाहायला म्हणून घेतलेली. माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले आणि दोघांनीही आपापल्या परीने तिच्यावर सिलिकॉन थापलेलं होतं. एकाचं काळं, एकाचं तांबडं. जिथे जिथे दोन भाग जुळतात तिथे बाहेरून नुसतं बोट फिरवलेलं. भिंतीला ओल आली म्हणून वरून रंगाचा हात मारावा, तसला प्रकार. मला ते दिसत होतं, कळतही होतं, आणि तरी मी भुसाच टाकत होतो.

मग एका सकाळी ऑइलची काडी ओढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली.

तेल बाहेर येण्याला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे गॅरेजात नाहीत. तिथे सगळंच ‘लीकेज’. खरं तर पाझरणं वेगळं, ओघळणं वेगळं, ठिबकणं वेगळं. पाझर म्हणजे जोडाच्या कडेला ओलसर काळी धूळ चिकटलेली असते. बोट लावलं तर काळं होतं, पण थेंब काही धरत नाही. ओघळ म्हणजे त्या ओलीला खाली उतरायला वाट मिळाली. ठिबक म्हणजे ओघळाला टोक सापडलं, एखाद्या बोल्टचं डोकं किंवा चेंबरची, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याची, कड, आणि तिथून तेल जमिनीवर उतरायला लागलं. आणि धार लागली असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बाकीचं नंतर बोलू. नुसत्या पाझराच्या मागे लागू नये, या मताचा मी आहे. बरीच वर्षं राबलेल्या इंजिनाचे सगळे जोड कोरडे ठणठणीत दिसले, तर एक तर कुणीतरी गाडी विकण्यापूर्वी धुतलेली असते, नाहीतर आत तेलच उरलेलं नसतं.

थेंबाचा हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा मांडला. साधारण वीस थेंबांचं एक मिलीलीटर होतं. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलीलीटर. महिन्याला दोन लिटरच्या वर. काडीवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास तेल मावतं. म्हणजे मिनिटाला एक थेंब, दिसायला किरकोळ, पण पंधरवड्यात तेल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आणून ठेवतो. थेंबे थेंबे तळे साचे हे खरंच आहे. फक्त साचतं ते फरशीवर आणि आटतं ते चेंबरमध्ये.

उलटी फसगतही होते. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनवरच्या तळ्यात चहाच्या चमच्याने चमचाभर तेल ओतून पाहिलं होतं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं, असं त्याने लिहून ठेवलंय. १७७४ साली रॉयल सोसायटीने ते छापलं. ओल्या फरशीवर पडलेला एकुलता एक थेंबही असाच सप्तरंगी होऊन ताटाएवढा पसरतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. डाग किती मोठा आहे यावरून काहीच ठरवू नये. काडी काय म्हणते ते बघावं.

मी डागाच्या आकारावर गेलो नाही, पण डागाच्या जागेवर गेलो. ती चूक जास्त महाग पडली.

डाग होता इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली. त्या जोडावरच्या घंटेसारख्या खोळीच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, खालच्या कडेला थेंब लोंबत होता. गॅरेजात गाडी वर उचलली, मिस्त्रीने टॉर्च मारला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला: ‘मागचं ऑइल सील गेलंय.’ 

मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनाच्या पाठीतून बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळतो तिथलं. मिनिटाला हजारो फेरे घेणारा दांडा आणि त्याच्याभोवतीची स्थिर भिंत, या दोघांमधून तेल येऊ द्यायचं नाही, ही तशी अवघडच मागणी. जुन्या इंजिनांत तिथे ग्रॅफाइट चोळलेला दोर गुंडाळलेला असायचा आणि तो थोडाफार गळणारच, असं सगळे धरून चालायचे. नंतर ओठाचं सील आलं: रबराची एक पातळ कड आणि तिला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. या सीलची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामडं कमावण्याचा कारखाना होता, १८४९ पासूनचा. तिथे वॉल्टर सिमर या अभियंत्याने १९३० च्या दशकात असं सील घडवलं, सुरुवातीला चामड्याचंच. रबर मागाहून आलं. जर्मनीत अजूनही अशा सीलला ‘सिमररिंग’ म्हणतात. माणूस गेला, नाव त्या ओठाला चिकटून राहिलं.

तर ते सील. वजनाला काहीच नाही, किंमत किरकोळ. पण तिथवर पोहोचायचं तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दोन दिवस गाडी गॅरेजात पडून राहिली. मी पैसे मोजले, गाडी घरी आणली आणि त्या रात्री पहिल्यांदा भुसा न टाकता झोपलो.

नवव्या दिवशी थेंब परत आला. त्याच जागी, त्याच कडेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

त्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. काढलेलं सील त्याने माझ्या हातात दिलं होतं आणि त्याची कड खरोखरच कडक झाली होती. त्याचं चुकलं एवढंच, की त्याने थेंब पाहिला, थेंबाची वाट पाहिली नाही. माझीही तऱ्हा निराळी नव्हती. मला लवकरात लवकर कुठल्यातरी एका भागाचं नाव ऐकायचं होतं, ते त्याने सांगितलं.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेले, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलेलं. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी बॉनेटखाली डोकावून पाहिलं आणि मागे सरले.

“काय शोधतोयस?”

“गळती, काका. मागचं सील बदललं तरी—”

“या चिखलात? सगळीकडूनच तर आलंय. आधी तिला अंघोळ घाल. कोरडी होऊ दे. मग बोलव मला.”

आणि गेलेसुद्धा.

अंघोळीला एक अख्खी सकाळ गेली. अल्टरनेटर, वायरींच्या जोडण्या आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतलं. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर फवारला, दहा मिनिटं मुरू दिला, मग दात घासायच्या जुन्या ब्रशपासून भांडी घासायच्या ब्रशपर्यंत सगळे ब्रश वापरले. पाण्याचा जोर मुद्दाम कमी ठेवला. जोराचा फवारा जिथे जाऊ नये तिथे घुसतो आणि मग गाडी चालूच होत नाही. आधीच्या मालकांचं सिलिकॉन खपल्या निघाव्यात तसं निघालं. काळ्या खपलीखाली तांबडी खपली, तिच्याखाली पुन्हा काळी. गाळाचा थर गेला तशी ब्लॉकच्या कुशीवर ओतीव अक्षरं आणि आकडे उमटले. दोन वर्षं मी हे इंजिन चालवत होतो आणि ते मला माहीत नव्हते. शेवटी पाणी पुसून, हवा मारून, बॉनेट उघडं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी पावडर मागितली. लांबलचक फळीवर सूत मारायला मी पांढरी पूड ठेवतो, ती काढून दिली. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या अंगाला, चेंबरच्या कडेला, फिल्टरच्या बुडाशी, जिथे जिथे संशय होता तिथे त्यांनी ब्रशने ती हलकी शिंपडली. पट्टे आणि पुल्या मात्र वगळल्या. मग इंजिन चालू करून पंधरा मिनिटं जागेवरच, अधूनमधून थोडा रेस. नंतर एक छोटी फेरी. परत आल्यावर इंजिन बंद केलं. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा काकांनी खिशातून काढला आणि माझ्या हातात दिला. टॉर्च त्यांनी धरला. त्यांच्या थरथरीने उजेडही थरथरत होता.

मी सवयीने खाली पाहायला लागलो, बेल हाउसिंगकडे.

“वर बघ.”

मी थोडं वर पाहिलं.

“अजून वर. तेल खाली येतं, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे जातं. तुला सापडायला पाहिजे ती ओल सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची. त्याच्या खालचं सगळं नुसतं वाहून आलेलं.”

आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे डोळा बसायला वेळ लागला. मग दिसलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात, जिथे हात कसाबसा पोहोचतो आणि नजर मुळीच पोहोचत नाही, तिथून पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळी रेघ निघाली होती. ती हेडच्या पाठीवरून उतरली, ब्लॉकच्या एका कंगोऱ्याशी वळली, थोडी जाड झाली आणि सरळ बेल हाउसिंगच्या कडेला जाऊन मिळाली. म्हणजे दोन-तीन वीत लांबचा प्रवास करून थेंब अशा जागी टपकत होता, जिथे पाहणारा मागच्या सीललाच धरणार. ती जागा म्हणजे सगळ्या ओघळांचा संगम आहे. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून आलेलं तेलही अनेक इंजिनांत तिथेच उतरतं. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्युम पंप असतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी जाते. तिचा वायसर गेला की ते तेलही वाऱ्याने मागे मागे सरकत इकडेच.

‘तेल कधी चढत नाही’ असं मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, तेव्हा काकांनी मला एक जुनी गोष्ट आठवून दिली. आठवण त्यांना होती, मला विसरायची होती. गाडी घेतली त्याच वर्षी मी स्वतः ऑइल बदललं होतं. जुना फिल्टर काढला, नवा बसवला. पण जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच दुसरी रिंग चढवली. इंजिन चालू केल्यावर काही क्षण सगळं ठीक, मग त्या दोन रिंगांमधून तेलाची अशी चादर सुटली की बॉनेटच्या आतल्या बाजूपर्यंत शिंतोडे. दिवा लागला, मी चावी फिरवली, तोवर निम्मं तेल फरशीवर. भुसा टाकायची सवय मला लागली ती त्या दिवशी.

त्या फजितीतून एक फरक मात्र कायमचा कळला. इंजिनात काही जागी तेल दाबाखाली असतं: पंप, फिल्टर, प्रेशर स्विच, टर्बोला जाणारी नळी. तिथली गळती इंजिन चालू असतानाच होते, ती कुठल्याही दिशेला उडते आणि बघता बघता चेंबर रिकामं करते. बाकीच्या जागी, म्हणजे टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, पुढचं-मागचं सील, तेल नुसतं शिंपडलेलं किंवा साचलेलं असतं. तिथली गळती आळशी. गाडी उभी केल्यावरही तासभर ठिबकत राहते. पहिल्या जातीची दिसली तर गाडी हलवायचीसुद्धा नाही. दुसऱ्या जातीशी संसार करता येतो, एक अट पाळून: तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडता कामा नये. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास येत असेल तर ते केवळ वासावर थांबत नाही, पेटूही शकतं. आमची ओघळ नशिबाने एक्झॉस्टच्या पलीकडच्या अंगाला होती.

कव्हर उघडायचं काम मात्र मला मनापासून आवडलं, कारण ते सुतारकामाच्या जवळचं निघालं.

बोल्ट सुटले, कव्हर निघेना. रबरी हातोडीने कडेकडेने ठोकलं तेव्हा चिक्क आवाज करून उचललं गेलं. पॅकिंग रबराचं, पण रबराचा गुण त्यात नावालाही उरला नव्हता. नवं पॅकिंग बोटाला गुंडाळता येतं. हे मी वाकवायला गेलो तर वाळलेल्या सालीसारखं काडकन मोडलं. वर्षानुवर्षं शेकून शेकून ते लाकूड झालं होतं. अशा पॅकिंगवर बोल्ट आणखी आवळले तर काय होणार? आधीच्या मालकांनी नेमकं तेच केलं होतं. कव्हर पत्र्याचं. मी त्याची कड लोखंडी पट्टीला लावून उजेडाकडे धरली. प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी पत्रा खाली दबलेला आणि दोन बोल्टांच्या मधे पट्टीखालून उजेड. जेवढं आवळावं तेवढी फट मोठी होणार, असा उफराटा कारभार. दोन फळ्या चिकटवताना क्लॅम्प दोन ठिकाणी जोरात पिळले आणि मधे फट राहिली, ही चूक नवशिक्या पोराने केली की मी ओरडतो.

एक कठीण लाकडाचा ठोकळा रंधून सपाट केला, त्यावर कव्हरची कड ठेवली आणि गोल डोक्याच्या हातोडीने एकेक भोक हळूहळू वर आणलं. दर चार ठोक्यांनी पट्टी लावून बघायचं. अर्ध्या तासाने उजेड बंद झाला.

हेडची बैठक ॲल्युमिनियमची, म्हणून तिथे पोलादी पातं लावायचं नव्हतं. एक ओरखडा म्हणजे नवी गळती. लाकडाची चपटी पट्टी तासून तिने जुन्या पॅकिंगची पुटं खरवडली. त्याआधी आतल्या सगळ्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि किती चिंध्या कोंबल्या ते मोजून ठेवलं होतं. सात. निघाल्याही सात. हे मोजणं कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या कामात सगळ्यात शहाणपणाचं काही केलं असेल तर तेच.

सिलिकॉन लावायची वेळ आली तेव्हा काकांनी नळी माझ्या हातातून काढूनच घेतली. नव्या पॅकिंगला ते लागत नाही. फक्त जिथे कमानीची कड सपाट जागेला मिळते, त्या कोपऱ्यांत तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर बाहेर आलेलं दिसतं, पण तेवढंच आतही गेलेलं असतं. आतला तुकडा सुटून चेंबरमध्ये पडतो, तिथून तेल ओढणाऱ्या जाळीला जाऊन बसतो आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. बाहेरची गळती थांबवायला निघालेला माणूस आतून गळा दाबतो, तो असा.

बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत. माझ्याकडे टॉर्क पाना होता, एवढ्याशा बोल्टांना लागतो तसा दहा न्यूटन मीटरच्या आसपास लावलेला. काकांनी टॉर्क पाना आयुष्यात वापरलेला नाही. “पाना डोक्याजवळ धरायचा, शेपटीला नाही. मग हाताला जास्त जोर येतच नाही,” म्हणाले आणि त्यांनी एक बोल्ट तसा आवळून दाखवला. मी हट्टाने त्यावर टॉर्क पाना लावून पाहिला. लगेच टक्क वाजला. थरथरते हात पान्याला लागले की स्थिर होत होते, हे मला तेव्हाच दिसलं. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सिलिकॉन पूर्ण सुकायला चोवीस तास गाडी तशीच ठेवली. मग सुरू झाला पुठ्ठा. खोकी उलगडून एक मोठा पुठ्ठा इंजिनाखाली, पुढच्या चाकांच्या जागा फरशीवर खडूने आखलेल्या, म्हणजे गाडी रोज तिथेच उभी राहील. पुठ्ठ्यावर तारीख. तेल कुठलं हेही पुठ्ठ्यावर छान कळतं: डिझेलचं इंजिन ऑइल काळंकुट्ट, पॉवर स्टिअरिंगचं बहुधा तांबूस, कूलंट हिरवं किंवा गुलाबी, आणि गिअर ऑइलला गंधकाचा असा वास की डोळे मिटून ओळखावं. पुठ्ठा दोन आठवडे कोरा राहिला. तिसऱ्या आठवड्यात कव्हरच्या त्याच मागच्या कोपऱ्याला पुन्हा घाम फुटला.

आता मात्र माझी चिडचिड झाली. पॅकिंग नवं, कड सरळ, बोल्ट मोजून आवळलेले. काकांना फोन केला तर ते हसले. “मग आतून कोण ढकलतंय ते बघू.”

त्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि ऑइल भरायचं झाकण सोडवून त्याच तोंडावर उलटं, सैल ठेवलं. झाकण भातुकलीतल्या झाकणासारखं थडथड नाचलं आणि बाजूला उडून पडलं. तोंडातून धुराचे भपकारे.

सिलिंडरमध्ये जो स्फोट होतो त्यातला थोडा वायू पिस्टन रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्याला बाहेर जायला वाट लागते. पूर्वीच्या गाड्यांत एक उघडी नळी खाली सोडलेली असायची आणि ते सगळं धुरकट तेलकट रस्त्यावर जायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, हे वायू परत इंजिनाच्या शोषणात पाठवायची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून हे वायू नेणारी नळी, ब्रीदरची नळी, वरच्या वर फिरते, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि म्हणून कुणी ती साफही करत नाही. आमची नळी काढली. बाहेरून अंगठ्याएवढी जाड. आतून आगपेटीची काडी जाईल एवढंच भोक उरलेलं. बाकी सगळा मेणचट काळा गाळ. माझ्या फेऱ्या छोट्या: लाकूड आणायचं, कपाट पोहोचवायचं. इंजिन धड तापायच्या आत बंद. आतली वाफ बाहेर पडायच्या ऐवजी तिथेच थिजते आणि तेल, काजळी, पाणी यांचा थर चढत जातो. वायूला वाट मिळाली नाही की तो प्रत्येक जोडाला खांदा लावून बघतो. ज्या कोपऱ्यात पत्रा दबलेला होता, तो कोपरा पहिला हरला, एवढंच. मागचं सीलही कदाचित त्याच दाबाने थकलं असेल. म्हणजे गॅरेजवाला थोडा बरोबर आणि मी थोडा बरोबर, आणि दोघांनीही वाट अडलेली तशीच ठेवून दारं बदलली.

नळी आणि तेल वेगळं करणारी डबी डिझेलने धुऊन काढली, हवा मारली, पूर्ण कोरडी करून बसवली. पुन्हा झाकण उलटं ठेवलं. आता ते जागच्या जागी थोडं थरथरलं, बस्स. “अजून नाचलं असतं तर रिंगाच गेल्यात म्हणायचं होतं. मग हे सगळं खेळणंच,” काका म्हणाले.

कव्हर तेव्हापासून कोरडं आहे.

पण पुठ्ठा कोरा नाही. डाग आता पुढे सरकलाय. क्रँकच्या पुढच्या पुलीमागचं सील ठिबकतंय. चाकांना उटी लावून, घोड्या देऊन (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी शिरत नाही, घाई असली तर मुळीच नाही) खाली झोपून बघून आलो. सीलच्या ओठाने इतक्या वर्षांत पोलादी हबवर नखाला लागेल अशी खाच पाडलीय. मऊ रबर पोलाद झिजवतं, हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी मानलं नसतं. ओठाखाली अडकलेली धूळ कानसीसारखी काम करते. त्यावर पातळ पोलादी बाही चढवतात, म्हणजे नव्या सीलला गुळगुळीत जागा मिळते. करेन. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा पुढचं सगळं उघडावंच लागणार आहे, तेव्हा एका खेपेत. तोवर रात्रीला चार थेंब, म्हणजे महिन्याला सहा मिलीलीटर. एवढ्यासाठी मी पुली उपटणार नाही.

तारखा घातलेले पुठ्ठे कारखान्याच्या कोपऱ्यात उभे आहेत. काकांना ते बघायला आवडतात. एकामागून एक उलटतात, जुन्यावरचा मागचा डाग, मग कोरे, मग हा पुढचा. त्यातलाच एक परवा खुर्चीच्या मागच्या पायाचा फर्मा काढायला घेतला. डाग नेमका सांध्याच्या जागी आला. तेलकट पुठ्ठ्यावर पेन्सिल उठेना, म्हणून खिळ्याच्या टोकाने खूण केली.